श्वासातून कळेल का फुप्फुसाचे दुखणे?

सोलापूरहून पुण्याकडे जाताना कुर्डुवाडी मागे पडली की थोड्याच वेळात केम स्टेशन येते. करमाळा तालुक्यातील हे गाव कुंकवासाठी दूरवर माहीत आहे. पण पहाटे गावच्या किंवा आसपासच्या कोणत्याही खेड्याच्या वस्तीतून चक्कर मारली, तर कुंकवाच्या आधी धूर दिसतो आणि त्या धुरामागून खोकला ऐकू येतो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, अनेक घरांत गॅसची शेगडी पोचली. तरी चूल काही सुटलेली नाही. टाकी संपली की दुसरी भरायला रोख पैसे लागतात. तुराट्या, पाचट, गोवऱ्या मात्र शेतातून डोक्यावर आणता येतात. म्हणून गॅसवर चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक, तर रोजची भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी घराघरांतली वाटणी झालेली आहे.

या चुलीपुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी बसलेली मुलगी पन्नाशीला येते, तेव्हा तिला विहिरीपासून घरापर्यंत घागर आणताना दोनदा थांबावे लागते. घरचे म्हणतात, वय झाले. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "मावशी, बिडी-तंबाखू?" ती म्हणते, "न्हाई बाबा, नुसती मिसरी लावते दाताला." केसपेपरवर 'धूम्रपान नाही' असे लिहिले जाते, एक इंजेक्शन, खोकल्याची बाटली आणि चार दिवसांच्या गोळ्या मिळतात. चुलीची चौकशी कोणी करत नाही. मिसरीसाठी तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजताना घरभर होणाऱ्या धुराची तर नाहीच नाही.

वर्तमानपत्रांतून अधूनमधून एक बातमी येते: आता नळीत नुसती फुंकर मारली की यंत्र फुप्फुसाचा रोग सांगणार. सुई नको, रक्त नको, क्ष-किरण नको. वाचक बंधू-भगिनींनो, या बातमीत खरे किती आहे आणि आपल्या घरातल्या खोकणाऱ्या माणसाला तिचा आज काय उपयोग आहे, हे नीट पाहिले पाहिजे. कारण अशा नव्या यंत्राच्या नावाने पैसे काढणारेही लवकरच आपल्या दारात येतील.

श्वासाचा जमाखर्च

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. आत घेतलेल्या हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. बाहेर सोडलेल्या हवेत तो सुमारे १६ टक्के उरतो. कार्बन डायऑक्साईड आत जाताना नाममात्र असतो आणि बाहेर येताना ४ टक्क्यांच्या आसपास. राहिलेला मोठा वाटा नायट्रोजनचा, तो जसा गेला तसा परत येतो. शिवाय पाण्याची वाफ. हिशेबाच्या वहीतली ही मोठी कलमे झाली. पण खाली किरकोळ खर्चाच्या शेकडो नोंदी असतात, आणि रोगाची खूण त्या किरकोळ नोंदींत लपलेली असते.

जुने वैद्य-डॉक्टर हे नाकाने ओळखत. मधुमेह फार चढला की रुग्णाच्या तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो, तो ॲसिटोनचा. मूत्रपिंडे निकामी झाली की श्वासाला अमोनियासारखा दर्प येतो. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग, ज्यांना १९५४ साली रसायनशास्त्राचे आणि नंतर शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके मिळाली, त्यांनी १९७१ मध्ये नाकाचे हे काम यंत्रावर सोपवले. माणसाचा श्वास अतिथंड नळीत गोठवून त्यांनी त्यातले घटक वेगळे केले, तेव्हा सुमारे २५० पदार्थ सापडले. त्यानंतर यंत्रे सुधारत गेली. निरोगी माणसाच्या श्वासात आढळलेल्या पदार्थांची जगभरची यादी २०१४ मध्ये एकत्र केली, तेव्हा ती ८७२ वर गेली होती. २०२१ च्या यादीत १४८८ नावे आहेत.

हे पदार्थ श्वासात येतात कसे? फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात, त्यांची संख्या काही कोटी भरते. प्रत्येक फुग्याभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्त आणि हवा यांच्यामध्ये कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ पडदा असतो. रक्तात जे उडून जाण्याजोगे असेल, ते या पडद्यातून हवेत उतरते. शिवाय श्वासनलिकांच्या अस्तरातच सूज असेल, तर तिथे तयार होणारे पदार्थ थेट हवेत मिसळतात.

धुराने काय होते ते आपल्या सोलापुरी शेंगाचटणीवरून समजून घेता येईल. चटणीचा डबा महिनोन्महिने उघडा राहिला की ती खवट होते. शेंगदाण्याच्या तेलावर प्राणवायूची क्रिया होऊन त्यातून जे पदार्थ निघतात, त्यांचा तो वास. त्यांतल्या एकाचे नाव हेक्झानाल. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण चरबीचेच असते. बिडीचा, चुलीचा धूर रोज फुप्फुसात जातो, त्यातले दाहक कण पेशींना डिवचतात, शरीराच्या संरक्षक पेशी तिथे जमतात आणि त्या धुमश्चक्रीत आवरणाची चरबी खवट होते. मग तोच हेक्झानाल, त्याच जातीचे इतर पदार्थ, पेंटेन आणि ईथेनसारखे वायू अत्यल्प प्रमाणात श्वासात उतरतात.

हे प्रत्यक्ष मोजले गेले आहे. ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन हवा आत कोंडण्याचा आजार, त्याच्या रुग्णांचा श्वास थंड करून त्याचे पाणी जमवले आणि १९९६ मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांना त्यात हायड्रोजन पेरॉक्साईड जास्त आढळला. २००३ मध्ये इटलीतील संशोधकांना अशाच पाण्यात हेक्झानालच्या वर्गातले पदार्थ वाढलेले दिसले. २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये 'इलेक्ट्रॉनिक नाक' वापरून दमा आणि सीओपीडी यांच्या श्वासातला फरक ओळखता येतो का, ते तपासले आणि उत्तर बरेच आशादायक आले. हे यंत्र पदार्थांची नावे सांगत नाही. एकूण वासाचा ठसा घेते आणि पूर्वी पाहिलेल्या ठशांशी ताडून पाहते. आपणही घरात शिरताच आज काय शिजले आहे ते ओळखतो, त्यासाठी मसाल्याची यादी लागत नाही.

एक चाचणी मात्र दवाखान्यात आली आहे

या सगळ्या पदार्थांपैकी फुप्फुसाच्या बाबतीत खऱ्या अर्थाने वापरात आला तो एकच, नायट्रिक ऑक्साईड. वाहनांच्या धुरात असणारा हा वायू माणसाच्या श्वासातही असतो, हे १९९१ मध्ये स्वीडनमध्ये दिसून आले. दम्याच्या रुग्णांत तो वाढलेला असतो, हे तिथेच १९९३ मध्ये कळले. २००३ मध्ये अमेरिकेत त्याच्या यंत्राला सरकारी मान्यता मिळाली. मोजण्याचे प्रमाण किती बारीक आहे पाहा: शंभर कोटी भागांत पंचविसाहून कमी भाग असतील तर मोठ्या माणसात तो कमी समजतात, पन्नासच्या वर गेला तर जास्त. तो जास्त असेल तर श्वासनलिकांना ॲलर्जीच्या जातीची सूज आहे आणि स्टेरॉईडचा पंप लागू पडण्याचा संभव मोठा, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे दोन आजारांची सरमिसळ नेहमी होते. लोक दोघांनाही दमाच म्हणतात. दम्यात श्वासनलिका आवळतात आणि पुन्हा मोकळ्याही होतात. सीओपीडीत त्या मोकळ्या होणे जवळजवळ थांबते. नायट्रिक ऑक्साईडची चाचणी दम्याच्या बाजूने बोलते. सीओपीडीत तो बहुधा वाढत नाही, आणि बिडी ओढणाऱ्यात तर तो उलट कमी होतो. म्हणजे बिडी ओढणाऱ्याचा आकडा चांगला आला म्हणून त्याचे फुप्फुस चांगले, असे मानणे घातक ठरेल. सीओपीडीच्या रुग्णात तो वाढलेला दिसला, तर त्याला जोडीने दमाही असावा अशी शंका घेतात. तेवढा उपयोग आहे.

हेक्झानाल, पेंटेन आणि इलेक्ट्रॉनिक नाक यांचे काय? ती मंडळी अजून प्रयोगशाळेतच आहेत. कारणे समजण्यासारखी आहेत. श्वास ही फार गोंधळाची वस्तू आहे. सकाळी काय खाल्ले, दात किडले आहेत का, मिसरी लावली का, पोट बिघडले आहे का, शेजारी चूल पेटली आहे का, हे सगळे श्वासात उतरते. आजूबाजूच्या हवेत जे असेल, ते आधी आत जाते आणि मग बाहेर येते. केमच्या एखाद्या घरात सकाळी स्वयंपाकाच्या वेळी श्वासाचा नमुना घेतला, तर त्यात फुप्फुस किती आणि चूल किती हे कसे ठरवणार? अभ्यास बहुधा तीस-चाळीस माणसांवर झालेले, एका गावचे यंत्र दुसऱ्या गावच्या यंत्राशी जुळत नाही, आणि जे पदार्थ सीओपीडीत वाढतात तेच इतर आजारांतही वाढतात. नमुना कसा घ्यावा याबद्दलचे नियम युरोपातील श्वसनरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये घालून दिले, ते याच गोंधळामुळे. तेव्हा 'श्वासावरून सीओपीडीचे पक्के निदान' असा फलक कोणी लावला, तर त्याला आज शास्त्राचा आधार नाही.

भाकरी थापणाऱ्या दूरच्या बाया

श्वासातल्या एका साध्या वायूचा उपयोग मात्र चुलीपाशी बसणाऱ्या बायकांसाठी झालेला आहे, आणि ती हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिका खंडातील ग्वाटेमाला देशात डोंगराळ खेड्यांतून माया वंशाच्या आदिवासी बाया उघड्या जाळावर मक्याच्या भाकरी भाजतात, पोर पाठीला बांधलेले असते. चित्र आपल्याकडचेच. अमेरिकेतील संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काही घरांना चिठ्ठ्या टाकून धुराडे असलेल्या चुली दिल्या, बाकीची घरे अभ्यास संपेपर्यंत जुन्या जाळावर राहिली. पाचशेच्या वर बायकांची तपासणी झाली. लाकूड अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साईड वायू तयार होतो, तो रक्ताला चिकटतो आणि हळूहळू श्वासातून बाहेर पडतो. म्हणून बाईने नळीत फुंकर मारली की तिने किती धूर गिळला त्याचा अंदाज येतो. व्यसनमुक्ती केंद्रात बिडी खरोखर सुटली का, हे पाहायला हेच यंत्र वापरतात.

धुराड्याच्या चुली असलेल्या बायकांच्या श्वासात हा वायू कमी भरला. छातीत घुरघुर होण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. मात्र दीड वर्षाच्या अवधीत फुप्फुसाची ताकद वाढलेली दिसली नाही. वर्षानुवर्षांचे नुकसान एवढ्यात भरून निघत नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो. आपल्याकडे १९८३ मध्ये निर्धूर चुलीची सरकारी योजना निघाली होती. चुली बसल्या, पुढे धुराडी काजळीने बुजली, ती साफ करायला आणि दुरुस्त करायला पुन्हा कोणी आले नाही, असे अनेक गावांत घडले.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. सीओपीडीच्या रुग्णांत शेकडा २५ ते ४५ माणसांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते, हे त्यांनी जगभरचे आकडे गोळा करून दाखवले. तंबाखू ओढणारे जगात सुमारे एक अब्ज, तर लाकूड, शेण, पाचट यांच्या धुरात राहणारे तीन अब्ज. भारतातील सीओपीडीचे रुग्ण १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परिच्छेदांतल्या त्या मावशीच्या केसपेपरवर 'धूम्रपान नाही' एवढेच लिहून थांबणे किती अपुरे आहे, ते यावरून कळावे. धूर फक्त चुलीचाच नव्हे. विडी वळणाऱ्या बायकांच्या नाकात तंबाखूची पूड जाते. यंत्रमागावर सुताचे कण असतात. त्या कणांनी होणाऱ्या आजाराची खूण अशी की, सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळते. कुंकवाची पूड चाळणाऱ्या, भरणाऱ्या माणसानेही नाकातोंडाला जाड फडके बांधायलाच हवे. कोणतीही बारीक पूड रोज आत जाणे बरे नाही.

आज मागावी ती चाचणी

श्वासातले पदार्थ मोजणारी यंत्रे यायची तेव्हा येतील. श्वासाचा जोर मोजणारे यंत्र मात्र १८४६ पासून आहे. लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने ते तयार केले, दोन हजारांवर माणसांना त्यात फुंकायला लावले आणि विमा कंपन्यांनी गिऱ्हाईक किती जगेल हे ठरवायला ते वापरावे असा आग्रह धरला. त्याला स्पायरोमेट्री म्हणतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने, शेवटपर्यंत सोडायचा. एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली, हे पाहतात. निरोगी माणूस तीन लिटरपैकी सव्वादोन लिटरच्या आसपास पहिल्याच सेकंदात सोडतो. श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध देऊनही हे प्रमाण शेकडा ७० च्या खाली राहिले, तर सीओपीडी धरतात. या आजाराच्या निदानाला आजही हीच कसोटी आहे.

या यंत्राच्या इतिहासात एक काळे पान आहे, ते आपल्या वाचकांनी जाणून घ्यावे. अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थन करणारा सॅम्युएल कार्टराइट नावाचा डॉक्टर होता. काळ्या माणसाच्या फुप्फुसात गोऱ्यापेक्षा शेकडा २० हवा कमी मावते, असे त्याने अठराव्या नव्हे, एकोणिसाव्या शतकात, यंत्राचा दाखला देऊन लिहिले. गरिबी, धूर, कुपोषण यांचा हिशेब न धरता हा 'वंशाचा फरक' पुढे यंत्रातच बसवला गेला. परिणाम असा की, काळ्या कामगाराचे फुप्फुस खरोखर बिघडले असले तरी यंत्र ते 'त्याच्या वंशाच्या मानाने ठीक' म्हणू लागले. १९९९ मध्ये बाल्टिमोरला ॲस्बेस्टॉसच्या नुकसानभरपाईच्या खटल्यांत एका कंपनीने काळ्या कामगारांना वेगळी, अधिक कडक कसोटी लावा, अशी मागणी केली होती. अखेर २०२३ मध्ये अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वंशानुसार वेगळे आकडे वापरणे सोडून द्यावे, असे सांगितले. उद्या श्वासातल्या पदार्थांचे आकडे ठरतील, तेव्हा ते कोणाच्या श्वासावरून ठरवले हे विचारावे लागेल. चुलीपुढे बसणारी बाई त्या अभ्यासात नसेल, तर तिच्यासाठी ते आकडे कच्चेच राहतील.

आता घरचे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर प्रथम थुंकी तपासून क्षयरोग आहे की नाही ते पाहावे. ही तपासणी आणि क्षयाचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. क्षय बरा झाल्यावरही फुप्फुसात व्रण राहून धाप लागू शकते, म्हणून जुना क्षय डॉक्टरांना सांगावा. थुंकीत काही निघाले नाही आणि खोकला, बेडका, चढावर धाप चालूच असेल, तर 'स्पायरोमेट्री करून द्या' असे स्पष्ट शब्दांत म्हणावे. तालुक्याला सोय नसेल तर सोलापूरच्या सिव्हिलसाठी चिठ्ठी मागावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार मोफत करण्याचा निर्णय झालेला आहे. डॉक्टरांना चूल किती वर्षे फुंकली, बिडीच्या कारखान्यात, मागावर किंवा पुडीच्या कामात किती वर्षे काढली, ते न विचारताही सांगावे आणि केसपेपरवर लिहायला लावावे.

पंपाची सवय लागते, ही समजूत आपल्या लोकांत घट्ट आहे. पंपातले औषध थोडे असते आणि जिथे हवे तिथेच जाते. चेहरा सुजवणाऱ्या, हाडे ठिसूळ करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे विनाचौकशी खाण्यात मात्र खरा धोका आहे.

स्पायरोमेट्रीच्या दिवशी पोटाला तडस लागेपर्यंत जेवून जाऊ नये, कंबरेला घट्ट आवळलेले काही नसावे, तासभर आधी बिडी ओढू नये. पंप चालू असेल तर तो कधी थांबवायचा ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर फुंकर मारण्याआधी सांगावे. आणि मोठ्या रुग्णालयात कोणाला नायट्रिक ऑक्साईडची चाचणी लिहून दिलीच, तर त्याआधी पालेभाजी आणि बीट खाऊ नये. त्यांतल्या क्षारांमुळे आकडा फुगतो.